स्वस्त मदरबोर्ड निवडताना

अंबाजोगाईत भर उन्हाळ्यात दुपारी चार वाजता मदरबोर्डबद्दल ऐकायला इतकी माणसं येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. बरं झालं आलात. आम्ही बीड जिल्ह्यात कॉम्प्युटर जुळवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो. भाषणाची सवय नाही, टेबलावर स्क्रू ड्रायव्हर घेऊन बोलायची सवय आहे. तेव्हा टेबलावर जसं समजावून सांगतो तसंच इथं सांगणार. मध्येच अडलं तर हात वर करा.

सुरुवात एका बिलापासून करू.

गेल्याच्या गेल्या वर्षी केज तालुक्यातून एक वडील आणि त्यांची लेक आमच्याकडे आले. वडील ऊसतोडीला जाणारे. मुलीची बारावी झालेली. तिला टायपिंगची परीक्षा द्यायची होती, आणि गावात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं काम सुरू करायचं होतं. त्यासाठी वडिलांनी उचलीतले सतरा हजार काढून कॉम्प्युटर घेतला होता. मॉनिटर पाहुण्यांकडून जुना आणलेला. दहा महिने मशीन चाललं आणि एक दिवस बंद पडलं. दुकानदार म्हणाला, बोर्ड गेला. वॉरंटी? ती फक्त दुकानातून चालू करून देण्यापुरती होती म्हणे. 'टेस्टिंग वॉरंटी'.

बिलावर लिहिलं होतं: आय सेव्हन, सोळा जीबी रॅम, एसएसडी, मदरबोर्ड इंटेल. आम्ही कॅबिनेट उघडलं. प्रोसेसर खरोखर आय सेव्हन होता. रॅम खरोखर सोळा जीबी होती. बिलात खोटं काहीच नव्हतं, आणि अडचण तीच आहे. तो आय सेव्हन-३७७० होता, म्हणजे २०१२ साली बाजारात आलेला. बोर्डावरचा चिपसेट एच६१, म्हणजे २०११ चा. बोर्ड मात्र दिसायला चकचकीत, खोका नवा, वर मोठ्या अक्षरात 'इंटेल'.

आता तुमच्यापैकी कितीजण दुकानात जाऊन "ओरिजिनल इंटेलचा बोर्ड दाखवा" असं म्हणता? हात वर करा. बघा, बरेच आहेत. इंटेल कंपनीने घरगुती डेस्कटॉपचे मदरबोर्ड बनवणं थांबवत असल्याचं २०१३ सालीच जाहीर केलं. त्यामुळे आज नव्या बोर्डाच्या खोक्यावर 'इंटेल' दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच, की बोर्डावरची एक चिप इंटेलची आहे किंवा त्यावर इंटेलचा प्रोसेसर बसतो. बोर्ड बनवणारी कंपनी वेगळीच असते. असूस, गिगाबाइट, एमएसआय, एएसरॉक ही नावं तुम्ही ऐकली असतील. ती असतील तर खोक्यावर स्पष्ट असतात. खोक्यावर फक्त 'इंटेल' असेल आणि बनवणाऱ्याचं नाव शोधावं लागत असेल, तर तो खोका परत ठेवा.

आधी एवढं वाचायला शिका

आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन हे आडनाव झालं. माणूस कळतो तो पुढच्या आकड्यांवरून. डॅशनंतरचा आकडा बघायचा. ३७७० मध्ये पहिला आकडा ३, म्हणजे तिसरी पिढी. ८४०० म्हणजे आठवी. १२१०० मध्ये पहिले दोन आकडे धरायचे, १२, म्हणजे बारावी पिढी.

आय सेव्हन-३७७० आणि आय थ्री-१२१०० शेजारी ठेवा. दोघांनाही चार कोअर, आठ थ्रेड. पण बारावीचा आय थ्री त्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो, आणि वीजही कमी खातो. पहिलीतला हुशार मुलगा आणि बारावीतला साधा मुलगा, गणित कोण सोडवणार? बारावीतलाच.

पिढीचा आणखी एक परिणाम आहे. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे आणि एएमडीच्या राईझन २००० मालिकेपासून पुढे चालतं. शिवाय बोर्डात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असावी लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आता विचार करा. त्या मुलीला लोकांचे आधार नंबर, बँक पासबुकं घेऊन फॉर्म भरायचे होते. ज्या मशीनला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, त्यावर गावाची कागदपत्रं ठेवायची?

घरी मशीन असेल तर आजच तपासा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा, सीपीयूच्या खाली प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. बोर्डाचं मॉडेल 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये बेसबोर्ड या नावाने दिसतं. सीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअरही हे सगळं दाखवतं.

बोर्ड करतो काय?

प्रोसेसर विचार करतो, रॅम हातातलं काम धरून ठेवते, एसएसडी साठवते. मदरबोर्ड यांपैकी काहीच करत नाही. तो सगळ्यांना जागा देतो, वीज देतो आणि एकमेकांशी बोलायला रस्ते देतो. म्हणून महागडा बोर्ड घेतला की कॉम्प्युटर वेगवान होतो हा समज चुकीचा. एकच प्रोसेसर साध्या बोर्डावर आणि दुप्पट किमतीच्या बोर्डावर लावा. टायपिंग, इंटरनेट, टॅली, अभ्यासाचे व्हिडिओ यांत तुम्हाला फरक ओळखता येणार नाही.

मग निवडायचं काय? तो कोणाकोणाला जागा देतो, किती रस्ते देतो, वीज कशी देतो आणि किती वर्षं टिकतो. एकेक घेऊ.

पहिलं, सॉकेट. प्रोसेसर बसतो ती जागा. कुलूप आणि किल्लीसारखं आहे, बसलं तर बसलं. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीला एलजीए १७०० सॉकेट लागतं. दहावी-अकरावीला एलजीए १२००. कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१. एएमडीकडे राईझन १००० ते ५००० साठी एएम४, आणि ७००० पासून पुढे एएम५. त्यामुळे बोर्ड आधी आणि प्रोसेसर नंतर असं कधी करायचं नाही. आधी काम ठरवा, कामावरून प्रोसेसर, प्रोसेसरवरून सॉकेट, आणि मग बोर्ड.

दुसरं, चिपसेट. आपल्याकडे धरण, कालवा, चारी हे सगळ्यांना कळतं, म्हणून तसंच सांगतो. प्रोसेसर हे धरण. त्यातून काही रस्ते थेट निघतात, बाकीचे चिपसेटमधून फुटतात. स्वस्त चिपसेटला चाऱ्या कमी. एलजीए १७०० मध्ये सगळ्यांत स्वस्त एच६१०, त्यावर बी६६० आणि बी७६०. एएम४ मध्ये ए५२० स्वस्त, बी४५० आणि बी५५० वरचे. एएम५ मध्ये ए६२० खालचा, बी६५० वरचा.

एच६१० मध्ये काय मिळत नाही ते बघा. रॅमचे स्लॉट दोनच, चार नाहीत. एसएसडीसाठी एम.२ स्लॉट बहुतेक बोर्डांवर एकच, तोही जुन्या म्हणजे तिसऱ्या पीसीआयईच्या वेगाचा. ओव्हरक्लॉकिंग नाही. आता सांगा, यातलं घरच्या मशीनला काय कमी पडलं? तिसऱ्या पीसीआयईवर एसएसडी सेकंदाला साडेतीन हजार एमबीपर्यंत जाते. साधी साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास. जुनी हार्ड डिस्क दीडशेच्या आसपास. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलात की फरक डोळ्यांना दिसतो. त्यापुढचा फरक फक्त मोठ्या फाइली हलवणाऱ्याला कळतो. म्हणजे एच६१० ने जे काढून घेतलं, ते आपल्याला तसंही लागणार नव्हतं. स्वस्त बोर्ड घ्यायचा तो असा, नको ते सोडून दिल्यामुळे स्वस्त झालेला. एच६१ स्वस्त आहे तो जुना झाल्यामुळे. त्यात मूळचं यूएसबी ३ नाही, एनव्हीएमई एसएसडीची सोय नाही, रॅम डीडीआर३ लागते, आणि प्रोसेसर बदलायचा म्हटलं तर तिसऱ्या पिढीच्या पुढे रस्ताच नाही. नावात एका शून्याचा फरक, काळात दहा वर्षांचा.

तिसरं, रॅम. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकाच्या जागी दुसरी बसतच नाही. एच६१० आणि बी७६० चे बोर्ड डीडीआर४ चेही मिळतात आणि डीडीआर५ चेही. नाव जवळजवळ सारखं, खोकाही सारखा, म्हणून खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा. एएम४ म्हणजे डीडीआर४ च, एएम५ म्हणजे डीडीआर५ च. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव एकदम चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरची मागणी वाढली आणि कारखान्यांनी तिकडे माल वळवला. तेव्हापासून आमचा सल्ला बदललाय. पूर्वी आम्ही रॅम शेवटी बघायचो. आता आधी विचारतो, घरात, पाहुण्यांकडे, बंद पडलेल्या मशीनमध्ये डीडीआर४ रॅम पडून आहे का? असेल तर ती चालेल असाच बोर्ड घ्या. आज ती रॅम म्हणजे कपाटातलं सोनं आहे.

आणि स्लॉट दोन असले तरी दोन्ही चालणारे हवेत. वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक रॅमच वापरतं. एका सोळाऐवजी दोन आठ-आठच्या रॅम लावल्या तर रॅमचा रस्ता दुप्पट रुंद होतो. पैसे कमी असतील तर आज एक लावा, दुसरा स्लॉट मोकळा ठेवा.

चौथं, मागची पोर्टं. जुना मॉनिटर असेल तर त्याला व्हीजीए लागतं. बऱ्याच स्वस्त बोर्डांवर ते अजून मिळतं, बघून घ्या. पण इथं एक फसगत आहे. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल, जसं १२१००एफ, तर त्यात ग्राफिक नसतं. मग बोर्डावर एचडीएमआय असो की व्हीजीए, दोन्ही शोभेची. एएम४ च्या राईझनमध्ये उलटं लक्षात ठेवा, शेवटी जी असेल तरच ग्राफिक आहे, जसं ५६००जी. चार पैसे वाचवायला एफ घेतला आणि नंतर ग्राफिक कार्डासाठी पळापळ, हे आम्ही फार वेळा पाहिलंय.

आपलं ऊन, आपली वीज

आतापर्यंत सांगितलं ते पुण्यात राहा की मुंबईत, सारखंच. आता आपल्या जिल्ह्याचं.

बोर्डावर प्रोसेसरच्या शेजारी चौकोनी तुकड्यांची रांग असते. तिला व्हीआरएम म्हणतात. एसएमपीएसमधून बारा व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतो एक-सव्वा व्होल्ट. ते उतरवायचं काम या रांगेचं. आता हिशेब करा. प्रोसेसर ६५ वॅट खातो, व्होल्टेज सव्वा, म्हणजे करंट झाला पन्नास अँपिअरच्या वर. तुमची पाच एचपीची थ्री फेज मोटार सात-आठ अँपिअर ओढते. व्होल्टेज वेगळं आहे, मान्य. पण एवढा करंट नखाएवढ्या तुकड्यांतून जातो म्हटल्यावर ते तापणारच.

आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो. पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. पंखा हवा हलवतो, थंड करत नाही. खोली ४२ वर असेल तर बोर्ड त्याच्याही वर चढत जातो. कपॅसिटरच्या बाबतीत एक ढोबळ नियम आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी दुरुस्तीला येणाऱ्या बोर्डांवर डोकं फुगलेले कपॅसिटर सर्रास दिसायचे, जुन्या कारागिरांना आठवत असेल. आता चांगल्या बोर्डांवर सॉलिड कपॅसिटर असतात, ते बरेच टिकतात.

मग घ्यायचं काय? आय थ्री किंवा ६५ वॅटचा राईझन लावणार असाल तर साधा एच६१० किंवा ए५२० पुरतो, व्हीआरएमवर ॲल्युमिनियमची पट्टी नसली तरी. त्यावर मोठा आय सेव्हन चढवू नका. आय फाइव्ह लावायचा असेल आणि मशीन दिवसभर चालणार असेल, तर व्हीआरएमवर हीटसिंक असलेला बोर्ड बघा. आणि बोर्डावर सीपीयू फॅनशिवाय निदान एक कॅबिनेट फॅनचं कनेक्शन हवं. मागे एक पंखा लावा आणि दिवाळीत घर झाडता तेव्हा कॅबिनेटही उघडून ब्रशने झाडा.

आता वीज. परळीला औष्णिक केंद्र आहे म्हणून आपल्या खेड्यात वीज जात नाही असं कोणी म्हणणार नाही. यूपीएस घ्याच. त्याआधी अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती गंमत नाही, घराला अर्थिंग नाही. वायरमनला बोलवा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. हे काम बोर्डापेक्षा खूप कमी पैशात होतं.

मेच्या शेवटी वळीव येतो, विजा कडाडतात, आणि पुढच्या आठवड्यात आमच्या टेबलावर नेटचं पोर्ट जळालेले बोर्ड येतात. इलेक्ट्रिकची पिन लोक काढतात, पण राउटरकडून आलेली नेटची वायर तशीच राहते. गच्चीवरून आलेली वायर असेल तर विजेला तेवढं पुरतं. ढग दिसले की ती वायरही काढा. बाकीचा बोर्ड चालू असेल तर बोर्ड टाकायची गरज नाही. पीसीआयईच्या छोट्या स्लॉटमध्ये स्वस्तातलं नेटवर्क कार्ड बसतं. म्हणून बोर्ड घेताना तो छोटा स्लॉट निदान एक असू द्या. काही अगदी छोट्या बोर्डांवर तो नसतो.

आमची एक चूक

दुसऱ्याच्या चुका सांगितल्या, आता आमची. राईझन ५००० नवा होता तेव्हाची गोष्ट. एका गिऱ्हाइकासाठी बी४५० बोर्ड आणि राईझन ५००० चा प्रोसेसर आणला. सॉकेट तेच, एएम४. जुळवलं, बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. रॅम बदलली, एसएमपीएस बदलला, रात्र गेली. शेवटी कळलं, बोर्डाचं बायोस जुनं होतं. बोर्ड जन्मला तेव्हा तो प्रोसेसर जन्मायचा होता, तर ओळखणार कसा? बायोस अपडेट करायला जुना प्रोसेसर हवा, आणि तो आमच्याकडे नव्हता. बोर्ड पिशवीत घालून एसटीने पुण्याला गेलो आणि अपडेट करून आणला. दीड दिवस आणि मजुरी गेली, ती गिऱ्हाइकाला लावली नाही.

त्यातून शिकलो ते सांगतो. सॉकेट जुळणं पुरेसं नाही. कंपनीच्या साइटवर बोर्डाच्या पानावर 'सीपीयू सपोर्ट' यादी असते, त्यात आपला प्रोसेसर आणि कोणतं बायोस लागेल ते लिहिलेलं असतं. ती पाच मिनिटं आधी द्या. एच६१० चेही सुरुवातीचे बोर्ड तेराव्या-चौदाव्या पिढीला नवं बायोस मागतात. उलटंही होतं. ए५२० नवा असूनही राईझन ३२००जी त्यावर अधिकृतपणे चालत नाही. दुकानातच अपडेट करून मागा. काही बोर्डांना पेन ड्राइव्हवरून, प्रोसेसरशिवाय बायोस भरायची सोय असते, ती असेल तर उत्तम. आणि घरी बायोस अपडेट करायची वेळ आलीच, तर यूपीएसवरच करा. मध्येच वीज गेली तर बोर्ड विटेसारखा पडून राहतो.

दुकानात उभं राहिल्यावर

किती पैसे घालायचे? भाव दर महिन्याला हलतात, म्हणून आम्ही वाटणी सांगतो. मॉनिटर सोडून उरलेल्या खर्चाचा पाचवा-सहावा हिस्सा बोर्डाला पुरतो. तीस हजार असतील तर पाच-सहा हजार. त्यापेक्षा जास्त बोर्डात चालले असतील तर ते काढून रॅममध्ये किंवा एसएमपीएसमध्ये घाला. एसएमपीएसमध्ये काटकसर केली की चांगला बोर्डही जातो.

"पुढे अपग्रेड करता येईल" म्हणून महाग बोर्ड गळ्यात मारतात. आमचा अनुभव सांगतो, घरात पुढे वाढते ती रॅम आणि एसएसडी. प्रोसेसर बदलायला क्वचितच कोणी येतं. ज्याला खरोखर चार-पाच वर्षांनी प्रोसेसर बदलायचाय त्याने एएम५ बघावं. एएमडीने त्या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ द्यायचं सांगितलंय. बाकीच्यांनी आजच्या कामाचा बोर्ड घ्यावा.

बिल पक्कं घ्या. "बिल नको असेल तर जीएसटी वाचतो" असं कोणी म्हणालं की अठरा टक्क्यांचा मोह होतो. पण मोठ्या कंपन्या बोर्डाला साधारण तीन वर्षं वॉरंटी देतात, आणि वेळ आली की बिल लागतंच. बिलावर 'मदरबोर्ड' एवढंच नको, पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर हवा. इंटेलच्या सॉकेटमध्ये केसाएवढ्या बारीक पिना असतात. एक वाकली की वॉरंटी गेली. प्रोसेसर बसवण्याआधी सॉकेटचा मोबाइलवर फोटो काढा. वरची काळी प्लॅस्टिकची टोपी निघते, ती फेकू नका, वॉरंटीला बोर्ड देताना ती परत मागतात. आणि बोर्ड खोक्यावर ठेवून दुकानातच चालू करून बघा, बायोसच्या पानावर प्रोसेसरचं नाव आणि रॅमचा आकडा स्वतः वाचा.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: बजेट पंधरा हजारांच्या आतच असेल तर?

मग नवा बोर्ड घेऊन जुळवायच्या भानगडीत पडू नका. मोठ्या ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप मिळतात, डेल, एचपी, लेनोवोचे. आठव्या पिढीचा किंवा पुढचा बघा, म्हणजे विंडोज ११ चालेल. नव्या खोक्यातल्या जुन्या बोर्डापेक्षा ते कितीतरी बरे. फक्त त्यांचे बोर्ड आणि एसएमपीएसचे कनेक्शन बऱ्याचदा कंपनीचे खास असतात, बाजारातले बसत नाहीत. बिघडलं तर त्याच मॉडेलचा भाग शोधावा लागतो.

प्रश्न: आमच्या वस्तीवर दिवसा आठ-आठ तास वीज नसते. तरी डेस्कटॉप घ्यावा?

नाही ताई. तिथं लॅपटॉपच घ्या. साधा यूपीएस मशीन नीट बंद करायला दहा-पंधरा मिनिटं देतो, तासन्‌तास काम करायला नाही. इन्व्हर्टर असेल तर गोष्ट वेगळी. आम्ही डेस्कटॉप विकतो म्हणून प्रत्येकाने तोच घ्यावा असं नाही.

प्रश्न: जुना, वापरलेला बोर्ड घ्यावा का?

ओळखीचा असेल, चालू मशीनमधून तुमच्यासमोर काढला असेल, तर घ्यावा. सगळे रॅमचे स्लॉट, यूएसबी, नेट, आवाज, सगळं लावून बघा. ताप दिल्याच्या खुणा, म्हणजे पिवळी-तपकिरी पडलेली जागा दिसली तर नको. तारीख-वेळ टिकत नसेल तर घाबरू नका, ते गोल सेलचं काम आहे, सीआर२०३२, किराणा दुकानातही मिळतो.

प्रश्न: त्या मुलीचं पुढे काय झालं?

हो, ते राहिलंच. एच६१ चा दुसरा बोर्ड टाकून ते मशीन चालू करता आलं असतं, स्वस्तात. आम्ही दोन्ही हिशेब कागदावर मांडून समोर ठेवले. वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी लेकीला विचारलं, "तुझं तू सांग." ती म्हणाली, "पुन्हा तेच नको."

कॅबिनेट, एसएसडी, कीबोर्ड, मॉनिटर राहू दिलं. डीडीआर३ रॅम उपयोगाची नव्हती. एच६१० चा डीडीआर४ बोर्ड, आय थ्री-१२१००, आठ जीबीची एक रॅम, आणि साधाच पण नावाचा एसएमपीएस. जवळपास पहिल्याइतकेच पैसे पुन्हा लागले. ते त्यांनी हप्त्याने दिले. म्हणजे एका कॉम्प्युटरला दोन कॉम्प्युटरचे पैसे गेले, आणि त्यातले निम्मे कोयत्यावर फिटायचे होते. पहिल्या वेळी डॅशनंतरचा एक आकडा कोणी वाचून दाखवला असता तर ते वाचले असते. आजचं व्याख्यान घ्यायला आम्ही हो म्हणालो ते एवढ्यासाठीच.

मुलगी टायपिंग पास झाली. फॉर्म भरायचं काम सुरू आहे. बोर्डावरचा रॅमचा दुसरा स्लॉट अजून मोकळा आहे. ती मागच्या महिन्यात फोनवर भाव विचारत होती. आम्ही म्हटलं, रॅम सध्या महाग आहे, थोडं थांब. दुसऱ्या मशीनमधून निघाली तर तुझ्यासाठी बाजूला ठेवतो.

तुमच्यापैकी कोणाकडे आठ जीबीची डीडीआर४ पडून असेल तर व्याख्यान झाल्यावर भेटा.